लंडनच्या पेटीतले तीळ

गोंदिया, मार्गशीर्ष, सन १९५५

महादेवा, इथल्या जवळच्या नागऱ्याच्या देवळात गेला तरी छत्री तिथंच विसरून येतोस, अन् आता लंडनले चालला! म्हणून तुझ्या बायकोकडून हे पान लिहून घेऊन राहिली आहे.

मुंबईहून बोट, उतरल्यावर आगगाडी. स्टेशनाबाहेर दवाखान्याचा पत्ता पोलिसाले दाखव, लाजू नको. लोकरीचा कोट बोटीतच घाल. तिकडे दुपारीच अंधार पडते म्हणे. तुझा पोरगा वसंता त्याच अंधारात छाती धरून पडला आहे. तू पोचेपर्यंत तो... नाही, हे नको लिहू सूनबाई.

काल संध्याकाळी मी तुझी पेटी उघडली. कोटाखाली काळ्या तिळाची पुडी. सून खाली मान घालून म्हणाली, "यांनीच ठेवली. वेळ आली तर तिकडे तीळ कुठं मिळतील, म्हणाले."

छत्री विसरणाऱ्याले हे बरं आठवलं! बाप आहेस, काळीज दगडाचं करून ठेवली असशील. तरी मी काढली. पिंडाची तयारी घेऊन पोराले भेटायले कायले जायचं?

लिही सूनबाई, हात थांबवू नको. महादेवा, पेटीतला नवा तांदूळ काढ, आजाऱ्याले जड जातो. पेजेसाठी जुना भर. तिळाच्या जागीही तांदूळच भर.