फोन न करण्यामागचं शास्त्र

३ जून
ही माहेरी गेली. कारण क्षुल्लक. हिचे वडील वारल्यापासून रोज रडायची. मी बायॉलॉजीचा मास्तर, नुसता बघत कसा बसणार? कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढलं की मेंदूला निरोप जातो, मेंदू उत्पादन आवरतं घेतो, सगळं आपोआप उतरतं, असं कागदावर बाण काढून समजावलं. म्हणाली, तुम्ही नुसते जवळ बसा. बसलो, आणि आकृती पूर्ण केली. तर हिने बॅग भरली!

४ जून
फोन करायचा नाही. नर्व्ह एकदा फायर झाली की थोडा वेळ कितीही टोचा, ढिम्म. रिफ्रॅक्टरी पीरियड. हिचा तोच चालू आहे.

९ जून
वर्गात एकीने विचारलं, सर, हा रिफ्रॅक्टरी पीरियड किती वेळ असतो? मिलिसेकंद, म्हणालो. घाईघाईने पुढचा धडा घेतला.

१२ जून
नर्व्ह नव्हेच, हार्मोन! रक्तात थायरॉइडचं हार्मोन घटलं की पिट्युटरी ओरडायला लागते. तसा मी घटलो की ही ओरडणार. मी जितका गप्प, तितकी तिची ओढ जास्त. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, शहाण्या, बायको आहे ती, प्रयोगशाळेतला बेडूक नव्हे. मुकाट्याने जाऊन घेऊन ये.
ताई आर्ट्सची.

१९ जून
कपाट उघडलं. तिचा स्वेटर. छातीत धडधड. ॲड्रिनलिन, दोन मिनिटांत उतरतं. नाही उतरलं. घर खायला उठलंय. तरी फोन नाही. प्रयोग अर्धवट सोडला की निकाल बिघडतो.

२ जुलै, संध्याकाळ
केला एकदाचा. लगेच उचलला. म्हटलं, जिंकलो! विचारलं, अजून रागावली आहेस? छे, म्हणाली. आवाज अगदी शांत. आधी रोज संध्याकाळी तुमच्या फोनची वाट बघायचे, मग कधी सुटलं कळलंच नाही. इथे कपडे शिवायचं काम धरलंय. रविवारी दादा टेम्पो घेऊन येईल, माझं शिलाई मशीन तेवढं द्या.
म्हणजे सगळं नॉर्मलला आलं. पुस्तकात लिहिलंय तसंच. फक्त माझ्यावाचून.
मला करमत नाही गं, परत ये, एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी गाढवाने काय विचारावं? पायडल सुटं करून ठेवू का?
हो म्हणाली.