विदर्भाच्या वाट्याला चौसष्ट पानं

ठाकुर्ली पूर्व,
२१ एप्रिल

तीर्थस्वरूप सुमतीआत्यास,

मुकुलचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो, मोतीबिंदू काढल्यावर समोरच्या नव्या बिल्डिंगचे मजले नीट मोजता येतात का, टिटवाळ्याला पाणी रोज येतं का, ते सगळं कळव. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. हेमांगी उत्तम आहे. मी नाही. (ताप वगैरे काही नाही. सोसायटी आहे.)

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरची खोली तू पाहिली आहेस. मी रिटायर झालो तेव्हा हेमांगीने माझी पुस्तकांची चारही कपाटं तिथे नेऊन ठेवली आणि सोसायटीला आयतं वाचनालय मिळालं. गेली सहा वर्षं मी रोज सकाळी तिथे जाऊन बसतो. आता कमिटीला तिथे टेबल टेनिस हवंय. डिसेंबरच्या सभेत मी इतका आरडाओरडा केला, की शेवटी सेक्रेटरी संदेश म्हणाला, "काका, डोंबिवलीच्या वाचक मंडळाने ते पाच मुलखांचं आव्हान काढलंय ना, तेवढं करून दाखवा. खोली तुमची." कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ. प्रत्येक मुलखाचं एक पुस्तक, ते सोसायटीतल्या दहा जणांनी वाचायचं, प्रत्येकाने अर्धं पान अभिप्राय लिहायचा आणि सगळं तीस एप्रिलपर्यंत मंडळाकडे द्यायचं. म्हणजे माझी खोली राहणार की जाणार हे या पाच पुस्तकांवर ठरायचं आहे. मला वाटलं, यात काय अवघड आहे? हे वाटणं ही माझी पहिली चूक.

आता आपल्या लोकांना पुस्तक वाचायला सांग, ते विचार करतील. पुस्तक ठरवायला सांग, चपला घालून धावत येतील. पहिल्या बैठकीला बेचाळीस माणसं होती! (वार्षिक सभेला कोरम होत नाही.) कोकणावरच तीन रविवार गेले. संदेश सावंतवाडीचा, बी विंगचे लोक गुहागरचे. एकमेकांचं कोकण त्यांना मान्य नाही. ते भांडण रंगात आलेलं असताना रंगूबाई उठल्या. (रंगूबाई इथल्या मूळ गावातल्या. आमची बिल्डिंग त्यांच्या शेतावर उभी आहे, हे आम्ही सोयीने विसरलेलो असतो.) त्या म्हणाल्या, "आन आमचा गाव कनच्या मुलखात येतो?" सरकारी हिशोबाने ठाणे जिल्हा कोकणातच, पण ते कबूल करायला सावंतवाडीही तयार नाही आणि गुहागरही नाही. शेवटी नेहमीप्रमाणे उपसमिती नेमली. उपसमितीचा अहवाल अजून यायचा आहे.

मार्च उजाडला तरी एकही पुस्तक ठरलेलं नाही. माझं डोकं पिकलं. मी म्हटलं, निदान विदर्भ तरी उरका, तिथलं इथे कोणीच नाही, म्हणजे भांडायलाही कोणी नाही. ठराव झाला, की सर्वांत कमी पानांचं पुस्तक घ्यावं. संदेशने दुकानात फोन केला आणि विदर्भातलं सर्वांत बारीक पुस्तक द्या म्हणून दहा प्रती मागवल्या. चौसष्ट पानं, मुखपृष्ठावर संत्र्याची बाग. किती काव्यात्म, असं सर्वांनी म्हटलं. न उघडता टाळ्यांच्या गजरात मंजूर, इतिवृत्तात नोंद, सूचक, अनुमोदक, सह्या. पुस्तक वाटल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं, की ते संत्रा लागवडीचं मार्गदर्शन आहे.

आणि आत्या, संताप कशाचा माहीत आहे? ते सगळ्यांनी वाचलं! सहा वर्षं माझ्याकडून पुस्तकं नेऊन त्यांवर कुंड्या ठेवणाऱ्या माणसांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. हेमांगीने जेवताना मला डिंक्या रोगाची लक्षणं सांगितली. सी विंगच्या बाल्कन्यांत सात रोपं आली आहेत. आठवड्यात दहाच्या दहा अभिप्राय माझ्या हातात. एकाने लिहिलंय, "सुरुवात पकड घेते, पण पॅकिंग आणि वाहतुकीचा भाग लेखकाने घाईत उरकला आहे." मी निर्लज्जासारखे ते सगळे मंडळाकडे पाठवले. मंडळाने कौतुकाचं पत्र पाठवलं आणि पुस्तक नामंजूर केलं.

आता नऊ दिवस उरलेत आणि पुस्तकं शून्य. तू चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंस. पाच मुलखांची पाच पुस्तकं सुचव. बारीक हवीत. शक्य तर त्यांत एखादं तरी झाड असू दे.

तुझा
मुकुल

ता. क. यादी नाही पाठवलीस तरी चालेल. टेबल टेनिसचं टेबल काल आलं. सध्या ते माझ्याच कपाटांना टेकवून ठेवलंय. कपाटं घरात परत आली तर आपण माहेरी जाऊ, असं हेमांगी म्हणते. तुझी मागची बेडरूम रिकामीच असते ना? रविवारी सकाळी टेम्पो येईल. (त्याला मागच्याच आठवड्यात सांगून ठेवलंय. नाही म्हणू नकोस.)

ता. क. २. चार कपाटांतली निम्मी पुस्तकं मी अजून उघडलेली नाहीत. रिटायर झाल्यावर वाचायची म्हणून ठेवलेली, आणि रिटायर झाल्यापासून मी त्यांची यादी करतोय. तू खुशाल काढून वाच. फक्त चौथ्या कपाटाला कुलूप लावून पाठवतोय. खालच्या खणात, मी सहावीत असताना तू वाढदिवसाला दिलेलं पुस्तक आहे. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, "वाचून झालं की कसं वाटलं ते मला कळव." पंचावन्न वर्षं झाली, आत्या. किल्ली माझ्याकडे राहू दे. मी येतो आणि तुझ्यासमोर बसून वाचतो.