एक उभी, एक आडवी

३ फेब्रुवारी, सोमवार

पडद्यावर परत मुंग्या! दुपारचे तीन वाजले की टीव्हीवर आबांची खोली दिसायची बंद. जयराज सुट्टीवर आला तेव्हा हे सगळं बसवून गेला – आबांच्या खोलीत उंच फळीवर कॅमेरा, इकडे स्वयंपाकघरात टीव्हीमागे चित्र पकडणारी डबी, दोन्हींना अँटेनाची एकेक काडी. मधे अंगण, तीसेक पावलं. "ताई, आता सारखं पळायला नको तुला." पळतेच आहे. आज गेले तर आबा कॉटवर, डोळे मिटून. कॅमेऱ्यामागची अँटेनाची काडी तेवढी आडवी झालेली. उभी केली, चित्र आलं. मांजराचं काम असणार.

४ फेब्रुवारी

मांजर रोज बरोबर तीनलाच कसं येतं? कधी कधी तर मी पोचायच्या आत काडी आपोआप उभीही राहते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कुपवाडहून साहेबांचा फोन. कारखान्यातली माझी जुनी जागा रिकामी झालीये, माल तपासणीची. "मॅडम, तुमच्यासारखी नजर मिळत नाही. सोमवारपर्यंत सांगा." दोन वर्षांपूर्वी आबांना अर्धांगाचा झटका आला आणि मी काम सोडलं. आज भांडी घासतानाही हसू येत होतं.

चहा देताना विचारलं, "आबा, भिंतीला धरून जरा तरी उभं राहता येईल का? सकाळचं सगळं करून जाईन. दुपारी शेजारची दगडाबाई येऊन वाढेल."

आबा छताकडे बघत राहिले. "पाय उचलतच न्हाई गं, राजे. पर तू जा. माझं काय, पडून ऱ्हाईन."

असं म्हटल्यावर कोण जाईल?

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना नाही म्हणून कळवलं. "बरं," म्हणाले. दुसरी मुलगी तयारच होती. भाकरी करपली.

११ फेब्रुवारी

मुंग्यांचं जयराजच्या कानावर घातलं. "दोन्हीकडच्या काड्या सारख्या ठेव. आबांनीच शिकवलंय की आपल्याला."

खरंच की. आबा फौजेत सिग्नलला. सुट्टीवर आले की अंगणात तारा ताणून दाखवायचे – पाठवणाऱ्याची काडी उभी तर घेणाऱ्याचीही उभी. एक उभी, एक आडवी केली की सगळं पाण्यात.

फोन ठेवून खोलीत गेले, फळीकडे बघितलं. टाचा उंचावल्या तर माझा हात जेमतेम पोचतो. मांजराला चढायला काहीच नाही. खोलीत माणूस एकच.

कॅमेऱ्यावर फडकं टाकलं असतं तर मला लगेच कळलं असतं. मुंग्या आल्या की आपण यंत्राला शिव्या देतो. मी तर मांजराला दिल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीनला मुंग्या आल्या. पळाले नाही. टीव्हीमागची माझी काडीही आडवी केली. जरा इकडे, जरा तिकडे फिरवली – आणि चित्र लख्ख! तिकडे आडवी, इकडे आडवी, जुळलं. हा धडाही त्यांचाच.

आबा चालत होते. काठी नाही. कॉट ते दार, दार ते कॉट. डावा पाय जरा ओढत, पण चालत होते. खिडकीशी थांबून अंगणात बघितलं, मी येतेय का म्हणून. मग फळीशी आले, हात वर केला. काडी उभी केली असणार – माझ्या टीव्हीवर मुंग्या.

दोन मिनिटांत हाक. "राजे, पाणी दे गं. हात पोचंना."

पाणी दिलं. उशी सारखी केली. दोन वर्षं यांचं लघवीचं भांडं उचललं मी. चालायला लागलात तर माझ्यापासून लपवून? बरं, आधी लपवलंत. गुरुवारी मी तोंडावर विचारलं, तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. रडले, पण चुलीपुढे. त्यांना दाखवणार नाही.

१३ फेब्रुवारी

माझी काडी आडवीच ठेवलीये. दिवसभर मुंग्या, तीन ते चार आबा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस तीनच्या मुंग्यांना मी पळत गेले नाही. आज आबाच चालत स्वयंपाकघरात आले. टीव्हीमागे वाकून बघितलं. सिग्नलचा माणूस – आडवी काडी बघितली आणि पाटावर बसले.

"कवापासनं बघतीयास?"

मी चहा ठेवला.

"तू गेली असतीस गं, राजे."

"गेले असते, आबा. आणि संध्याकाळी सहाला परत आले असते."