पाणी: निरंक

४ जानेवारी, सकाळी ६
उणे अकरा. संकल्प: यंदा कुणावर हात उचलायचा नाही. विमानाच्या पंखाखाली कप धरून टाकीतलं पेट्रोल काढलं. स्वच्छ निळं. पाणी असतं तर तळाशी वेगळं दिसलं असतं. वहीत 'पाणी: निरंक' लिहिलं. शेडमधला हीटर लागेना म्हणून लाथ घातली. ती वस्तू आहे, संकल्पात बसत नाही.

५ जानेवारी
भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, टपालाचं विमान उडवतात. म्हणाले, टाकी अर्धी ठेवू नकोस, आत दव धरतं. बारा वर्षं मेकॅनिक आहे मी! पाना भिरकावला. त्यांच्या कानाजवळून गेला. नेम धरला नव्हता, म्हणजे हात उचलला असं होत नाही. टाकी अर्धीच ठेवली.

८ जानेवारी, सकाळी ६.२०
उणे एकोणीस. कप धरला, थेंब नाही. म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटला. निरंक.
भावोजी म्हणाले, अरे शहाण्या, पेट्रोलही आलं नाही. टाकीच्या तळाशी बर्फ धरलाय, विमान शेडमध्ये घे, तापू दे. माझ्या कामात नाक खुपसतात, म्हणून नाकावरच ठोसा दिला. रक्त आलं. अहो-जाहो मात्र सोडलं नाही. त्यांनी मला पंखावर आपटलं, माझा एक दात गेला. फिट्टंफाट.
ते नाक धुवायला गेले. तेवढ्यात मी कॅनमधलं निळं पेट्रोल कपात ओतलं. परत आल्यावर दाखवलं, म्हटलं, बघा, सुटलं. घरच्या माणसांत वाद नकोत. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

८ जानेवारी, सकाळी ७.४०
उडाले. झाडांच्या उंचीवर इंजिन बंद पडलं. कुंपणात घुसले. दार मी पान्याने फोडलं. पाय भलतीकडेच वळलेला. बाहेर ओढताना म्हणाले, कपात तर निळं होतं. त्यांना मीच वाचवलं, हे इथे लिहून ठेवतो.

१० जानेवारी, दुपार
मोडकं विमान शेडमध्ये आणलंय. हीटर आता चालतो. शाबूत पंखाखाली कप धरला. टिपटिप करत भरला.
ताई दवाखान्यातून थेट इथेच आली. म्हणाली, पाय गुडघ्यापासून कापला. कॅनमधून ओतलंस ना, असं विचारलं. मी वही पुढे केली. तिने सणसणीत थोबाडीत दिली, कप हिसकावला आणि तोंडावर फेकला. मी डोळे मिटून झोंबायची वाट बघत राहिलो.
झोंबलं नाही. नुसतं पाणी होतं.