शालूचं वजन

डोंगरकडा,
पौष महिना, सन १९४४

प्रिय यशोदे,

तुला आणायला धाडलेली गाडी काल रिकामीच परत आली. गाडीवान ग्यानबा म्हणाला, वहिनी दाराआडूनच बोलल्या, येत न्हाई म्हणाल्या. मी आधी चिडलो, मग कागद घेऊन बसलो. तू हट्टी आहेस हे मला काय आज कळलं? लग्नानंतर अक्षरं गिरवायला बसवलं, तेव्हा ‘ळ’ जमेना म्हणून पाटी आपटणारी तू! पण शेवटी शिकलीस, म्हणून तर लिहितो आहे. हे तूच वाच, तुझ्या भावाला वाचायला देऊ नकोस.

शालूचे दहाव्या-तेराव्याचे दिवस झाले आणि तू सगळ्यांसमोर बोललीस की माझ्या हातानं पोरगी गेली, आता हे हात मी धाकट्या सोन्याला लावणार न्हाई. आणि गोरेगावला माहेरी निघून गेलीस. पावसाळा सरला, ज्वारी हुरड्याला आली, तू तिथंच. इकडं सोन्या शाळेत बसायला लागला. माझ्या हातच्या भाकरी कशा होतात ते विचारूच नकोस, शेजारची सखुबाई दया येऊन कालवण देते.

मागच्या वर्षीचा तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही गं. सरकारचा हुकूम आला होता की शाळेतल्या प्रत्येक लेकराचं वजन करा, हलकं निघेल त्याला डाक्टर तपासतील, रोज दूध मिळेल. मी हिंगोलीच्या आडतीतून हळद तोलायचा काटा आणला. गावात नुसती बोंबाबोंब! लेकरू काय हळद आहे तोलायला? दृष्ट लागंल. तोलायचंच असंल तर नवसासारखं देवापुढं तोला. मी दारोदार हिंडलो, घसा बसला. शेवटी म्हटलं, शाळेतल्या सरस्वतीच्या तसबिरीपुढं तोलतो, मग तर झालं? तेव्हा कुठं बाया तयार झाल्या. पण त्यातून दुसरंच खूळ निघालं. देवापुढं लेकरू हलकं निघालं तर आईची अब्रू जाते. त्यात तू मास्तरची बायको. शालू तापानं वाळली होती, आणि मास्तरचंच लेकरू उपाशी म्हणून गाव हसेल, या धाकानं तू तुझा चांदीचा कमरपट्टा आणि माझ्या आईचे जाडजूड तोडे फडक्यात गुंडाळून तिच्या झग्याआत बांधलेस. काटा बराबर झुकला. डाक्टरांनी तिला बाजूला काढलंच नाही. पावसाळ्यात हिंगोलीच्या दवाखान्यात नेली तेव्हा तिथले डाक्टर म्हणाले, छातीचा रोग जुना आहे, आधी आणायची होती.

खोटं कशाला लिहू? तू ते फडक्याचं सांगितलंस तेव्हा मला तुझा राग आला होता. तू वाढलेलं जेवत होतो आणि तुझ्याकडं बघत नव्हतो. तू गेलीस तेव्हा अडवलंही नाही. पण परवा सखुबाई आली आणि पदरात तोंड घालून रडली. तिनंही तिच्या पोराच्या, मुंजाजीच्या, कमरेला खलबत्त्याचा बत्ता बांधला होता. पारुबाईनं पोराला पोट तडतडेस्तोवर पाणी पाजलं होतं. कुणी खिशात गोटे घातले, कुणी काय. यशोदे, अख्ख्या गावच्या आयांनी तेच केलं. त्यांची लेकरं धडधाकट होती म्हणून वाचली, आपली आजारी होती. एवढाच फरक आहे. तू वैरीण नव्हतीस तिची. तू तिची लाज राखायला गेलीस.

आता खरं ते लिहितो. गेल्या आठवड्यात काटा पुन्हा आला. या खेपेला मी एकेका लेकराला नुसत्या सदऱ्यावर उभं केलं, आयांसमोर चाचपून पाहिलं आणि मगच तोललं. सगळ्यांत हलका आपला सोन्या निघाला. डाक्टरांनी छाती पाहिली, पोट पाहिलं, डोळे पाहिले. रोग काही नाही म्हणाले, लेकरू खात नाही. शाळेचं दूध त्याला लावून दिलंय. बाकीची पोरं दुधानं मिशा पांढऱ्या करत पितात, हा पेला धरून बसून राहतो. मी चुचकारलं, रागावलो, एकदा तर चापट मारली आणि मग मीच रडलो. ताई आईच्या हातचं खायची तर मीबी तिच्याच हातचं खाईन म्हणतो. डाक्टरांनी विचारलं, याची आई कुठं आहे? ज्या हातांना तू भितेस, तेच हात हा मागतो आहे. शालूला आपण राखू शकलो नाही. हा अजून आहे. ये, आणि त्याला घासभर भरव.

तुझाच,
माणिक