आरशातली पेशंट

गुरुवार, ९ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे मोरीची फरशी एकदाची बसवून घेतली, आता आईचा पाय घसरणार नाही.

तशी ती चालतेच कुठे म्हणा! जेवण चार चमच्यांवर आलंय. ठसका लागला की निळी पडते. सोमवारी डॉक्टर घरी आले होते. म्हणाले, "पुढचा घास फुफ्फुसात उतरला तर नाकातून जेवणाची नळी, हॉस्पिटल, की घरीच त्रास न होऊ देता ठेवायचं, ते आत्ताच ठरवा. ऐन वेळी सुचत नाही."

तू फोनवर म्हणालीस, "नळी घाला. आईला उपाशी मारणार का?" आणि फोन ठेवलास. म्हणून पत्र लिहितेय.

आई जन्मभर वॉर्डात सिस्टर होती, ते तिच्या हातांना अजून आठवतं. आपण दोघी नाही आठवत. कपाटाच्या आरशात तिला एक म्हातारी दिसते, ती तिची पेशंट. काचेवर बोटं टेकवून नाडी बघते. मी स्वयंपाकघरात असते आणि आतून आवाज येतो, "घाबरू नका बाई, मी आहे ना." घरात तिसरं कुणी राहतंय असं वाटतं गं. मलाच त्या म्हातारीची भीती बसली. परवा आरशावर चादर टाकली, तर आई धडपडत उठली.

"तोंडावर चादर कुणी घातली? अजून श्वास चालू आहे!"

मीच ओढून काढली.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. काल दुपारी तिने मला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मुलगी."

"बसा."

मी बसले. आणि विचारलं, ताई. तिलाच विचारलं. "सिस्टर, नळी घालायची का म्हणतात. काय करू?"

तिने आरशातल्या पेशंटवर एक नजर टाकली. मग पेशंटला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "दमल्यात हो त्या. नळी उपसून काढतील, मग हात बांधावे लागतील. मी बांधलेत असे हात. नका करू. ओठ ओले ठेवा, जवळ बसा." माझ्याकडे वळून म्हणाली, "आणखी कुणी आहे त्यांना?"

"थोरली आहे. लांब असते."

"बोलवून घ्या. रागावून आली तरी चालेल."

आज डॉक्टरांना सांगून टाकलं. नळी नको, हॉस्पिटल नको. तुला विचारलं नाही. हे आई बोलली की सिस्टर, तेही मला ठाऊक नाही. पण आईला स्वतःबद्दल विचारलं असतं तर ती एवढं बोलली नसती. तू येऊन नाही म्हणालीस तर बदलता येईल.

बेल वाजवू नकोस, ती दचकते. दार नुसतं लोटलेलं असेल. सरळ आत ये.

तुझ्यावाचून ठरवून बसलेली,
तुझी धाकटी