पॅनेलमागची भिंत

जळगाव,
ता. २१ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,

लीलाधरचा वाकून नमस्कार. परवा फोनवर तुला निम्मंच ऐकू आलं, उरलेलं तू अंदाजाने जुळवलंस आणि इथल्या तुझ्या पिंप्राळ्याच्या घराची भिंत पडली असं धरून बसलीस. भिंत पडलेली नाही. जे झालंय ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

तुझे भाडेकरू नवल भारंबे, त्यांची सहा वर्षांची ऋतिका आठ दिवस दवाखान्यात होती. खोकला तिला गेल्या पावसाळ्यापासूनच होता, पण या वेळी नागपंचमीच्या सुमारास तिला श्वासच घेता येईना. ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरांनी नवलला पहिलाच प्रश्न विचारला, घरात कुठे ओल आहे का. तो नाही म्हणाला. मग घरी येऊन त्याने आतल्या खोलीत पलंग सरकवला, तर भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलची खालची पट्टी नुसत्या बोटाने सुटून आली. त्याने मला बोलावून घेतलं.

आम्ही दोघांनी मिळून तीन पॅनेल काढले. अक्का, जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत भिंत काळी होती. रंग उडून काळी पडते तशी नव्हे, तिच्यावर लव उगवली होती. मधे मधे हिरवट, कोपऱ्यात कापसासारखी पांढरी. वास असा की मी मागे सरलो आणि पलंगाला धडकलो. आपल्या जळगावात उन्हाळ्यात भिंतींना तडे जातात, इथे अशी बुरशी मी जन्मात पाहिली नव्हती.

नवलची बायको शीतल दारात उभी होती. तिने गादी उलटवली. गादीची खालची बाजूही तशीच होती. ऋतिका त्याच कडेला झोपायची. शीतल त्या गादीकडे किती तरी वेळ बघत राहिली. मी ती गादी ओढत बाहेर नेली.

काल ठेकेदाराला दाखवलं. पलीकडे न्हाणीघर आहे, भिंतीतला पाइप गळतोय. विटांपर्यंत प्लॅस्टर काढायचं, पाइप बदलायचा, भिंत तीन आठवडे सुकवायची, बुरशीचं औषध दोनदा मारायचं, मग नवीन प्लॅस्टर आणि रंग. एक लाख चाळीस हजार सांगतो. कपाट आणि पलंग टाकून द्यावे लागतील, ते वेगळं. तू सांगशील तसं करतो.

भारंबे सध्या पाचोऱ्याला शीतलच्या माहेरी गेलेत. तब्येतीला जप.

तुझा लोभ आजवर पुरला, पुढेही पुरो.

तुझा,
लीलाधर

---

देवपूर, धुळे,
ता. २६ ऑगस्ट २०२४

चि. लीलाधर यास,

अक्काचे आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी आलं. एकदा वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग सुनेला, दिपमालाला, मोठ्याने वाचायला लावलं, कारण मला वाटलं माझेच डोळे काही भलतं वाचताहेत. गादीपाशी येऊन ती थांबली. पुढचं मग मीच वाचलं.

दोन दिवस घास उतरला नाही. ज्या घरासाठी यांनी पेन्शनीतला पैसा ओतला, त्या घरात परक्याची लेक श्वासाला महाग झाली, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मी भाडं आलं का ते बघत होते.

आता एक विचारते. पत्रात तू सगळीकडे "पॅनेल" म्हणतोस, जणू ते भिंतीवर आपोआप उगवले. ते कुणी बसवले? बावीस सालच्या मे महिन्यात तू मला सांगितलंस की तोताराम प्लंबर म्हणतो, भिंतीत पाइप गळतोय. मी साठ हजार पाठवले. महिन्याभराने अडतीस हजार परत आले. काम स्वस्तात झालं, अक्का, तुझे पैसे वाचवले, असं तू म्हणालास. मी कौतुकाने चार घरी सांगितलं की भाऊ असावा तर असा. त्या पैशांतून इथे गच्चीवर पत्रा टाकला, पावसात वाळवण भिजू नये म्हणून.

पाइप तेव्हाच बदलला होता ना? बदलला असेल तर दोन वर्षांत पुन्हा कसा गळला? मला ठेकेदाराचं नको, तुझं उत्तर पाहिजे. मुलीचं आता कसं आहे तेही लिही, तू ते लिहिलंच नाहीस.

माया कमी झालेली नाही. धक्का मात्र मोठा बसलाय.

तुझी,
बेबाअक्का

---

जळगाव,
ता. २ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,

नमस्कार. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते तसंच पाठवतो.

पाइप बदलला नव्हता. तोताराम तेव्हा भिंतीवर मूठ मारून म्हणाला होता, "नाना, भित बठ्ठी वल्ली शे. फोडनी पडी." सगळी ओली भिंत फोडायला किती दिवस लागतील, मी त्याला विचारलं. तो महिना म्हणाला. भारंबे एक जूनला सामान घेऊन येणार होते, ते दुसरीकडे गेले असते. बाजारात एकाने मला पॅनेल दाखवले. दोन दिवसांत बसतात, लाकडासारखे दिसतात, ओल दिसत नाही. ओल दिसत नाही, हे त्याचं वाक्य मला तेव्हा फायद्याचं वाटलं. बावीस हजारात काम झालं. उरलेले तुला परत केले आणि स्वतःवर खूश झालो. त्यातला एक रुपया मी खाल्ला नाही अक्का, पण हे सांगायलाही आता लाज वाटते.

याहून वाईट पुढे आहे. गेल्या वर्षी नवल दोनदा माझ्याकडे आला. खोलीत कुबट वास येतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, खिडकी उघडी ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका, कापूर लावा. शीतलला तर मी तोंडावर म्हणालो होतो की घर ठेवण्यावर असतं सगळं. ती बिचारी तेव्हापासून रोज फिनाइलने खोली पुसायची. नवलनेच परवा सांगितलं, सहज, माझ्यावर ठपका ठेवून नव्हे. त्याला अजून काही माहीत नाही. तो मलाच धीर देतो की काका, तुम्हाला तरी काय कल्पना.

मुलीचं विचारलंस. शुक्रवारी पाचोऱ्याला जाऊन आलो. तोंडावर मास्क लावून ती वाफ घेत होती, दिवसातून तीनदा घ्यावी लागते. मास्क तिच्या चेहऱ्याला मोठा होतो, म्हणून आजी तो धरून बसते. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण थंडीपावसात जपावं लागेल, किती वर्षं ते सांगता येत नाही. मी तिच्यासाठी चिकू नेले होते. ते तसेच ठेवून लगेच उठलो.

घरी कुणाला बोललो नाही. तुझ्याशिवाय कुणाला सांगू.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

लीलाधर

---

देवपूर, धुळे,
ता. ७ सप्टेंबर २०२४

चि. लीलाधर,

आशीर्वाद. तू लहानपणापासून कधी खोटं बोलला नाहीस असं मी लोकांना सांगत आले. तुझं पत्र वाचून वाटलं, हे अक्षर तुझं आहे, माणूस दुसराच आहे. मग गच्चीवर गेले. पत्र्याखाली शेवया वाळत होत्या, कोरड्या खडखडीत. बावीस हजारात भिंत कशी दुरुस्त होते, हे मीही तुला विचारलं नव्हतं. पैसे परत आले म्हणून मला बरंच वाटलं होतं. तेव्हा सगळं तुझ्या एकट्याच्या माथी मारत नाही.

पण मला सांगून तू मोकळा होणार नाहीस. पाचोऱ्याला जा. नवलला आणि शीतलला, दोघांना समोर बसवून सांग की तुला माहीत होतं. फोनवर नाही, दुसऱ्याकरवी नाही. शीतलला घर ठेवण्यावरून बोललास, ते शब्द मागे घे. त्यांनी काहीही ऐकवलं तरी उत्तर देऊ नकोस. त्याआधी ठेकेदाराला भिंतीला हात लावू देऊ नकोस, नाही तर नव्या रंगाखाली हेही झाकलं जाईल.

भिंतीचा खर्च माझा. दवाखान्याचा आणि त्यांच्या पलंग-कपाटाचा आपण दोघांनी निम्मा निम्मा. माझी मुदतठेव मोडायला सांगितली आहे. सोबतच्या पाकिटात शीतलसाठी चार ओळी आहेत, तेवढ्या तिच्या हातात दे.

गेल्यावरच पत्र लिही.

माया आहे म्हणूनच इतकं कठोर लिहिलं.

तुझी,
अक्का

---

जळगाव,
ता. ११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. पाचोऱ्याहून आल्यावर तुला दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, सांगून आलो एवढंच. सविस्तर लिहायला दोन महिने लागले.

मी सांगत होतो तेव्हा नवल मान खाली घालून ऐकत होता. पुढे तो उठून अंगणात गेला आणि मी निघेपर्यंत परत आला नाही. शीतल समोरच बसून राहिली. रडली नाही, आवाज चढवला नाही. तिने एकच विचारलं, "काका, तुमच्या तेजसला झोपवलं असतं का त्या भिंतीजवळ?"

माझा नातू ऋतिकाच्याच वयाचा आहे, अक्का. दोघं गेल्या वर्षी गणपतीत माझ्या अंगणात खेळलेत. तू उत्तर देऊ नकोस म्हणाली होतीस, पण दिलं असतं तरी काय दिलं असतं. तुझं पाकीट तिने घेतलं. पैसे मात्र त्या दिवशी घेतले नाहीत, नंतर नवलने बिलं पाठवली, नेमकी तेवढीच, एक रुपया वर नाही.

भिंतीचं काम दिवाळीआधी संपलं. प्लॅस्टर काढलं तेव्हा कामगारांनी तोंडाला फडकी बांधली होती, तरी त्यातला एक बाहेर जाऊन ओकला. आतल्या पाइपची गंजून चाळणी झाली होती. एक लाख चाळीसचे एक लाख बहात्तर झाले, कारण बुरशी शेजारच्या भिंतीतही शिरली होती. शीतलच्या लग्नाच्या साड्या कपाटात होत्या, त्यातल्या पाच तिने स्वतः कचऱ्यात टाकल्या. मी उभा होतो, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

भारंबे परत येणार नाहीत. त्यांनी इथेच महाबळला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलंय, भाड्यानेच. दोन खोल्या, पण ऊन भरपूर. तुझं घर रिकामं आहे. बघायला दोघे आले. दोघांनाही मी आधी मोबाइलवर जुन्या भिंतीचा फोटो दाखवला, काय झालं होतं ते सांगितलं. दोघेही गेले. तिसरा येईल, त्यालाही दाखवीन.

काल शेवटच्या बिलाचे पैसे द्यायला महाबळला गेलो. दार ऋतिकाने उघडलं. गालांवर जरा रंग आलाय, बोलताना दम लागत नाही. तिने मला नीट पाहून घेतलं आणि आत वळून हाक मारली, "मम्मी, भिंतवाले आजोबा आलेत."

शीतल धावत आली, तिला दटावू लागली. मी म्हणालो, राहू दे, बरोबर आहे.

तुझ्या मायेला पुन्हा लायक व्हायचंय, तेवढा वेळ दे.

तुझा धाकटा,
लीलाधर